ठमाईचं डालगं

या, अशी सावलीला बसा. आधी पाणी प्या. ही गोष्ट घाईची नाही, कारण ती एका डोंगराला पुरा वळसा घालते आणि जिथून निघाली तिथंच परत येते.

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा घड्याळ कोणी पाहिलेलं नव्हतं. घड्याळाचं काम कोंबडा करायचा. तो आरवला की जाती घरघरायची, बैल सुटायचे, विहिरीवर कळश्या वाजायच्या. आणि एखाद्या दिवशी तो आरवला नाही, की सगळं गाव उशिरा उठून एकमेकांवर खेकसायचं. बालाघाटाच्या अंगाला एक डोंगर आहे, टोपल्या डोंगर. उपडी ठेवलेली टोपलीच जणू. त्याच्याभोवती पाच गावं गोल बसलेली, पंगतीला माणसं बसावीत तशी. पहिल्याची शीव दुसऱ्याला भिडलेली, दुसऱ्याची तिसऱ्याला, आणि पाचव्याची फिरून पहिल्याला. हे गोल बसणं तेवढं ध्यानात ठेवा, सगळी गंमत तिथंच आहे.

पहिलं गाव कुसळवाडी. तिथं ठमा राहायची. ठमाई हे नाव पुढचं. तेव्हा ती नुसती ठमा. नवरा लवकर गेलेला, पोटी लेकरू नाही. एक खोपट, दारात एक बोर, आणि गळ्यात आवाज. पण आवाज असा, की नवरा होता तेव्हा तिनं त्याला शेतातून हाक मारली, तर पलीकडच्या गावातले दोन-चार नवरे दचकून ‘ओ’ द्यायचे, असं म्हणतात. आणि तिची काजळी. नखापासून तुऱ्याच्या बुडापर्यंत काळीभोर कोंबडी, डाव्या पायाचं मधलं बोट तेवढं वाकडं.

त्या पाच गावांत एक चाल होती. लेक सासरी निघाली की माहेरच्या अंगणातली एक कोंबडी काखेत घेऊन निघायची. दागिना असो नसो, कोंबडी पाहिजे. ती सासरी अंड्यावर बसली की लेक रुजली, असं समजायचे. मग ती बाई त्या कोंबडीची पिल्लं शेजारणींना अर्धेलीनं द्यायची, म्हणजे वाढव तू, निम्मी तुझी, निम्मी माझी. काजळी ही ठमाच्या माहेरच्या कोंबडीची नात. कुसळवाडीत असं अंगण नव्हतं जिथं त्या काळ्या रक्ताचं एखादं पिल्लू उकरत नव्हतं. ठमाला माणसाचं गणगोत नव्हतं, पण कोंबड्यांकडून ती अख्ख्या गावाची सोयरी होती.

आता मी बाजारात आयुष्य काढलेला माणूस, म्हणून एक सांगतो. कोंबडी घ्यायची तर पिसाऱ्याला भुलू नका. तुरा बघा, लालभडक पाहिजे. मग छातीवरून बोट फिरवा. हाड कोयत्याच्या धारेसारखं हाताला लागलं, की सरळ खाली ठेवा आणि विकणाऱ्याच्या तब्येतीची चौकशी करून पुढं चालायला लागा. एका बाजारात एका बहाद्दरानं मला कुंकू लावलेल्या तुऱ्याची कोंबडी दाखवली होती! बोटाला लाल रंग लागला तेव्हा तो म्हणतो कसा, “शेठ, सवाशीण हाय ती.” असो.

तर त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला काजळी बसली. बसली म्हणजे अंडी उबवायला खुडूक झाली नाही. पंख गाळून, मान आखडून, कोपऱ्यात बसून राहिली. दाणे भरपूर खायची आणि दिवसेंदिवस हलकी होत जायची. तुरा लसणीच्या पाकळीसारखा पांढरा. अंडं बंद. मग शेजारची कोंबडी बसली. मग तिच्या शेजारची. होता होता सगळ्या गावाची खुराडी मुकी झाली. आणि एका पहाटे पाटलाचा शिलेदार आरवलाच नाही.

शिलेदार म्हणजे रंभाजी पाटलाचा कोंबडा. रंभाजी पाटील म्हणजे मोठा मानी माणूस. त्याचं पागोटं एवढं मोठं, की वळणावर आधी पागोटं दिसायचं आणि बऱ्याच वेळानं पाटील यायचा, असं म्हणतात. त्या दिवशी पाटील ऊन डोक्यावर आल्यावर उठला. गावानं पाटलाला बिनापागोट्याचं, जांभया देताना पाहिलं. झालं! तेवढं त्याला पुरलं. त्यानं गोंदू भगताला बोलावलं.

गोंदू भगतानं गावदेवी लाखाईपुढं तांदूळ टाकले, दोनदा मोजले, तिसऱ्यांदा मोजायचा कंटाळा केला आणि सांगितलं, “आईचा कोप हाय. डालगं काढा.”

डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची मोठी बांबूची टोपली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण डालगं काढणं म्हणजे वेगळं. गावात कोंबड्यांवर रोग आला, की दुखण्याईत कोंबड्या डालग्यात घालायच्या, वर हळदकुंकू, नारळ, हिरवी चोळी, आणि हलगी वाजवत ते डालगं शिवेच्या दगडापलीकडे नेऊन ठेवायचं. मागं न बघता परत यायचं. कोंबड्यांबरोबर रोगही गेला. कुठं गेला? ते विचारायची पद्धत नव्हती.

पाटील ठमाच्या दारात आला. “ठमे, तुझी काजळी पहिली बसली. पहिली तीच जाईल.”

“पाटील, माणूस आजारी पडला की त्याला औषध देतेत. कोंबडी आजारी पडली की तिची वरात काढायची व्हय?”

“आईचा हुकूम हाय.”

“आईचा का गोंद्याचा? काल त्यो माझ्याकडं बोरं मागाया आलता, तवा न्हाई बोलला काही.”

लोक हसले, पण हसता हसता त्यांनी काजळीला उचललं. एकट्या बाईचा आवाज कितीही मोठा असला तरी हलगीपुढं बुडतोच. ठमा शिवेपर्यंत मागोमाग गेली. सगळे पाठ फिरवून परतले; ती एकटी वळून बघत राहिली, असं म्हणतात.

आता बघा हां. शिवेपलीकडे दुसरं गाव. तिथल्या माणसांनी सकाळी पाहिलं, तर डालगं भरून कोंबड्या, वर नारळ, वर चोळी! फुकट आलेल्या मालाची गाठ सोडून कोणी बघत नाही, हे मी दुकानावर बसून रोज पाहतो. नारळ फुटला, चोळी कोणीतरी शिवून घेतली, कोंबड्या अंगणांत गेल्या. थोड्या दिवसांत त्या गावाची खुराडी मुकी झाली. त्यांच्याकडेही भगत होताच. त्यांनी डालगं काढलं ते तिसऱ्या गावाच्या शिवेवर. तिसऱ्यानं चौथ्याच्या. दर शिवेवर डालगं वाढत गेलं, नारळ वाढत गेले, हलगीवाल्यांना तर श्वास घ्यायला फुरसत नाही! इकडं कुसळवाडीत रोग काही हटला नव्हता. म्हणून वैशाखात पाटलानं आणखी एक डालगं काढायचं ठरवलं. पहिली शीव लाभली नाही, तर आता दुसऱ्या बाजूच्या शिवेवर जाऊ, म्हणाला.

त्या शिवेवर एक जुना पळस आहे. कुसळवाडीची मिरवणूक हलगी वाजवत पळसाशी आली, आणि समोरून दुसरी हलगी! पाचव्या गावाची मिरवणूक त्यांचं डालगं घेऊन त्याच शिवेवर निघालेली. दोन डालगी समोरासमोर. दोन भगत समोरासमोर. हलग्या एकदम बंद.

“तुम्ही इकडं कुठं?” पाटील ओरडला.

“तुम्ही इकडं कुठं?” समोरचा ओरडला.

 तेवढ्यात ठमा पुढं घुसली. पाचव्या गावाच्या डालग्यातून एक काळी मान वर आली होती. ठमानं हात घालून कोंबडी बाहेर काढली, डावा पाय धरला. मधलं बोट वाकडं!

“काजळे! अगं बये, डोंगराला फेरी घालून आलीस व्हय!”

आणि तिनं कोंबडी छातीशी धरली. गाव दोन पावलं मागं सरलं. देवीला दिलेली वस्तू परत घेतली!

“ठमे, सोड तिला!” गोंदू ओरडला. “दिलेलं परत घेतलंस, आता आई तिच्या बदली माणूस मागंल.”

“माणूस कशाला मागंल? तिनंच परत धाडली की! न्हाईतर एवढ्या गावांच्या वाटा सोडून माझ्याच दारी कशी आली असती?”

पाटलानं मिशीवर हात फिरवला. सगळ्यांसमोर बोलणं भाग होतं. “मिरगाच्या आधी लाखाईची जत्रा हाय. जत्रेदिशी तुझी काजळी लाल तुऱ्याची अन् अंड्यावर आलेली दिसली, तर तू गावात राह्यचीस. न्हाई दिसली, तर कोंबडीच्या जागी तू. डालगं डोक्यावर घ्यायचं, शीव ओलांडायची, अन् फिरून यायचं न्हाई.”

“अन् दिलं अंडं तर?”

“तर डालगं माझ्या डोक्यावर!” पाटील रागानं बोलून गेला.

बोलला खरा. सगळ्यांनी ऐकलं, डोंगरानंही ऐकलं, असं म्हणतात.

आता ठमाच्या जवळ होती एक मरायला टेकलेली कोंबडी आणि जत्रेपर्यंतचे दिवस. ती घरी आली आणि काजळीला निरखू लागली. तेव्हा तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. काजळी सगळ्यांत आधी आजारी पडलेली, सगळ्यांत लांब फिरून आलेली, तरी डालग्यातल्या बाकीच्या कोंबड्यांपेक्षा हिचा डोळा चकचकीत. का? तेवढ्यात कोंबडीनं शीट टाकली, आणि ठमा उकिडवी बसून ती बघायला लागली. शेजारीपाजारी नाक मुरडून गेले. पण त्या शिटेत दोन गोष्टी होत्या. पांढरे, लांब, मेलेले जंत. आणि तांबूस, चपट्या बियांचे तुकडे.

ठमानं त्यातला एक तुकडा हातावर घेतला आणि किंचाळली. आनंदानं! पळसपापडी! पळसाची शेंग असते ना, कागदासारखी पातळ, तिच्या टोकाला एकच चपटं बी असतं, ते. पाचव्या गावानं डालगं भरून आदल्या रात्री आपल्या गावातल्या पळसाखाली ठेवलं होतं. भुकेल्या काजळीनं डालग्याच्या भेगांतून मान काढून किडीनं पोखरलेल्या, भुसभुशीत झालेल्या बिया टिपल्या होत्या. ठमाच्या आईनं तिला लहानपणी पोटात जंत झाले की वावडिंग चाटवलं होतं, ते तिला आठवलं. म्हणजे कोंबडीलाही जंतच, आणि ते मारले या बियांनी! कोप नाही, करणी नाही, शेवयांएवढे जंत!

ती धावत शिवेवरच्या पळसाकडं गेली. उन्हाळा सरत आलेला, झाडाच्या शेंगा पुष्कळशा गळून गेलेल्या. असं म्हणतात, ठमानं झाडाला हात लावला आणि वारा नसताना पळस हलला आणि तिच्या पदरात शेंगांचा पाऊस पडला. मी म्हणतो, तिनं झाड गदागदा हलवलं असेल. पण पदर भरला, हे खरं.

बिया भिजवल्या, वरची साल काढली, वाळवल्या, कुटल्या. थोडं वावडिंग, थोडा गूळ, ज्वारीचं पीठ, आणि हरभऱ्याएवढ्या गोळ्या. पहिली गोळी तिनं स्वतः खाल्ली. तोंड असं वाकडं झालं की दारातून जाणारा गोंदू भगत घाबरून पळाला. त्याला वाटलं, आई अंगात आली. दुसरी गोळी काजळीला, उपाशी पोटी.

संध्याकाळपर्यंत काजळीनं एवढे जंत टाकले, की दोरी वळली असती तर कळशी विहिरीच्या पाण्याला लागली असती, असं म्हणतात. बातमी अंगणाअंगणांतून पळाली. आधी बायका पदराखाली कोंबडी लपवून आल्या. मग पाटलाची बायको शेवंता आली, शिलेदाराला लुगड्यात गुंडाळून.

“ठमाक्का, धन्यांना कळू देऊ नगा. पर हा मुका झाल्यापासून त्ये घोरतेत लई. मला झोप न्हाई.”

“द्या इकडं, पाटलीणबाई. याचं तोंड उघडते, धन्याचं तुम्ही बघा.”

आणि काय सांगू! चार दिवसांत शिलेदार आरवला! गावभर तुरे लाल व्हायला लागले. लहान-थोर नाचले. ठमाच्या दारात रांग. फक्त एक झालं: जंत पाहून पाहून त्या वर्षी गावात कोणी शेवया केल्या नाहीत. पाव्हण्यांना सुद्धा गूळ-भात वाढला.

ठमा तर हवेतच. “सांगा त्या रंभाजीला, डोकं पुसून ठेव म्हणावं!” असं ती विहिरीवर ओरडून सांगायची, आणि ते पाटलाला घरबसल्या ऐकू यायचं.

आणि तिथंच घात झाला. जत्रा तोंडावर आली, आणि काजळी पुन्हा बसली.

पंख गळाले, तुरा पांढरा. मग शेजारची. मग तिच्या शेजारची. शिलेदार आरवायला गेला आणि नुसता खोकला. दारातली रांग गेली. लोक ठमाच्या सावलीतून सुद्धा बाजूला व्हायला लागले. गोंदू म्हणाला, “म्या सांगितलं नव्हतं?” ज्या बायका पदराखाली कोंबडी आणत होत्या, त्याच पदर तोंडाला लावून बोलायला लागल्या. ठमानं पुन्हा गोळ्या दिल्या; जंत पुन्हा पडले; ते तिनं झाडून, सुपलीत भरून, मागच्या दारी उकिरड्यावर टाकले. आणि उंबऱ्यावर येऊन बसली. तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा बंद होता. एवढी शांतता, की विहिरीवरच्या बायका उगाचच हळू बोलायला लागल्या, असं म्हणतात.

बसल्या बसल्या ती बघत होती. काजळी उठली. हळूहळू लंगडत मागच्या दारी गेली. आणि उकिरड्यावर चढून, जिथं ठमानं सुपली पालथी केली होती नेमक्या तिथंच, वाकड्या बोटाच्या पायानं उकरून टिपायला लागली.

ठमा ताडकन उठली. तिनं स्वतःच्या कपाळावर असा हात मारला, की शेवंतानं तिच्या घरात ऐकला.

“मेले मी! हिच्या पोटातून काढते अन् हिच्याच ताटात वाढते!”

पाहा मंडळी. सगळं गाव तेच करत होतं. एक घर झाडायचं आणि उकिरड्यावर टाकायचं, कोंबड्या उकिरड्यावर चरायच्या. आणि पाची गावं तरी काय करत होती? एकानं झाडायचं आणि दुसऱ्याच्या अंगणात टाकायचं. डोंगराभोवती फिरलेलं डालगं आणि मागच्या दारचा उकिरडा, ठमाला त्या क्षणी दोन्ही एकच दिसलं.

मग ती थांबली नाही. काजळीला डालग्याखाली झाकली. गोळी दिली, आणि जोवर पोट साफ होत नाही तोवर डालग्याबाहेर सोडली नाही. खाली पडलेलं सगळं खोल खड्ड्यात, वर चुना, वर माती. खुराड्याची जुनी माती खरवडली, राख पसरली, खुराडंच उचलून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, उन्हात. पाणी पाजायचं खापर रोज घासायचं. शेवंता शिलेदाराला घेऊन आलीच.

“एवढं करून न्हाई आरवला तर?”

“तर जत्रेदिशी मी जाईन शिवेबाहेर, अन् तुम्ही घोरणं ऐकत बसा.”

शेवंता हसली, पण तिचे डोळे भरले. ठमानं पाहिलं आणि दुसरीकडं बघितलं.

जत्रेचा दिवस उजाडला. लाखाईच्या पारावर गाव जमलं. रिकामं डालगं पारापुढं ठेवलेलं, त्यावर हिरवी चोळी. ठमानं आपल्या खोपटाला कडी लावली होती. परत येईनच असं धरून लावली, की येणार नाही म्हणून, ते कोणाला कळलं नाही. तिनं आपलं डालगं डोक्यावरून आणलं आणि पारावर ठेवलं. उकाडा असा, की पाटलानं पागोटं काढून शेजारी ठेवलं होतं.

“उचल तुझं डालगं, ठमे.”

ठमानं उचललं. आधी शिलेदार बाहेर आला. तुरा शिमग्यातल्या पळसफुलासारखा! गावातून आवाज उठला. पण कोंबडा आरवेना. इकडं बघतोय, तिकडं बघतोय, एक पाय वर धरून उभा.

“तुरा लाल हाय,” पाटील म्हणाला, “पर हा माझा. तुझी कुठाय?”

काजळी बाहेर आली. काळं पीस उन्हात निळं चमकत होतं. तिनं एक कुर्रर्र केलं, चार पावलं टाकली, पारावर चढली, भगताला हुंगल्यासारखं केलं, लाखाईच्या पायाशी घुटमळली, मागं वळली, आणि सरळ जाऊन पाटलाच्या पागोट्यात बसली.

“अरे, हाकला तिला!”

“हात लावायचा न्हाई कोणी!” ठमा गरजली. तिचा आवाज परत आला होता!

कोणीच हललं नाही.  काजळीनं पिसं फुलवली, डोळे मिटले. मग उठली, अंग झाडलं, आणि सगळ्या जगाला सांगत सुटली, कक कक कक कडाक! पागोट्यात पांढरं, वाफाळतं अंडं.

आणि त्याच घटकेला शिलेदारानं मान ताणली आणि असा आरवला, की दुसऱ्या गावातल्या कोंबड्यांनी साद दिली, तिला तिसऱ्यानं, तिला चौथ्यानं, आणि साद डोंगराला वळसा घालून पळसाच्या बाजूनं परत कुसळवाडीत आली, असं म्हणतात. आजारी कोंबडे सुद्धा त्या दिवशी आरवले, असंही म्हणतात. भरदुपारी पाची गावांनी पहाट झाली समजून जाती फिरवली!

पाटलानं अंडं पाहिलं, पागोटं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. शेवंता पदरात हसत होती. दिला शब्द तो मोडणारा नव्हता. त्यानं उघड्या डोक्यावर डालगं घेतलं. “बोल ठमे, कोणत्या शिवेबाहेर जाऊ?”

“एकट्यानं कशाला? सगळी जाऊ,” ठमा म्हणाली. “आधी गावातली खुराडी हालवू, उकिरड्यांवर चुना टाकू, एका दिवसात, एक घर न सोडता. मग ह्या डालग्यात गोळ्या भरू. शेजारच्या गावाला जंत आपणच धाडले, आता औषध बी आपणच न्यायचं. न्हाईतर ते फिरून पळसाखालून येतेत परत.”

असं झालं. जत्रेचा आठवडा सरेपर्यंत कुसळवाडी धुतल्यासारखी झाली, आणि मग हलगी वाजवत डालगं निघालं. पाटील पुढं, डोक्यावर डालगं. गोंदू भगत मागून वावडिंगाची थैली घेऊन, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत, की तांदळात हेच निघालं होतं. पण दुसऱ्या गावानं लांबून हलगी ऐकली, डालगं पाहिलं, आणि सगळे दगड-काठ्या घेऊन शिवेवर धावले.

“पुन्हा आलात व्हय! मागच्या डालग्यानं आमची खुराडी बसवली! एक पाऊल पुढं टाकाल तर...”

पाटील थबकला. हलगी थांबली. तेव्हा ठमा शिवेच्या दगडावर चढली आणि जन्मात मारली नव्हती एवढी मोठी हाक मारली:

“टाकाया न्हाई आलो! द्यायाला आलो!”

ती हाक टोपल्या डोंगराला आदळली, फिरली, आणि पुढच्या तिन्ही गावांत एकदमच पोचली, असं म्हणतात. म्हणून पुढच्या कोणत्याच शिवेवर दगड उचलला गेला नाही.

ठमा पुढं खूप जगली. दर वैशाखात, पळसाच्या शेंगा पिकल्या की ती डालगं घेऊन डोंगराला फेरी घालायची. माहेरहून लेक निघाली की कोंबडीबरोबर पळसपापडीची पुरचुंडी द्यायची, हे तिनंच सुरू केलं. केस कापसासारखे झाले तरी आवाज तोच. आणि एका वैशाखात ती निघाली, चार गावांनी तिला पुढं जाताना पाहिलं, चार गावांनी तिच्या हातून गोळ्या घेतल्या. पाचव्या गावाहून कुसळवाडीच्या वाटेवर, पळसाखाली, डालगं मात्र एकटंच सापडलं. काठोकाठ भरलेलं. वर एक काळं पीस. ती मेली असं कोणी म्हणत नाही. ती फेरीवर आहे, असं म्हणतात.

आता जनावरांचे डॉक्टर झाले, औषधाच्या बाटल्या आल्या, त्या चांगल्याच आहेत. गोळी किती द्यायची ते डॉक्टरांना विचारूनच द्या, मी सुद्धा माझ्या गिऱ्हाईकांना हेच सांगतो. पण अजून उन्हाळा कलला, की त्या बाजूची माणसं दुकानात येऊन पळसपापडी, वावडिंग मागत नाहीत. “ठमाईचं द्या,” एवढंच म्हणतात. फेरीच्या दिवशी पाची गावं खुराडी हलवतात, उकिरड्यावर चुना टाकतात, आणि कोणाच्या घरी शेवया शिजत नाहीत. मग पाटलाच्या घरचा माणूस बिनापागोट्याचा पुढं होतो आणि डालगं डोक्यावर घेतो. वाटेत पळसाखाली एक अंडं आणि मूठभर पापडी ठेवतात, फेरीवर असलेल्या बाईसाठी.

आणि दर शिवेवर समोरचं गाव दगडापाशी उभं असतं. त्यांच्यातली सगळ्यांत मोठ्या आवाजाची बाई पुढं होते, कमरेवर हात ठेवते आणि दरडावते, “काय टाकायला आलात गं?”

इकडच्या सगळ्या बायका, पोरी, म्हाताऱ्या एका दमात ओरडतात, “टाकाया न्हाई! द्यायाला!” एवढ्या जोरात, की पाची गावांतले नवरे दचकून ‘ओ’ देतात.